दिवसातून चार वेळा दृष्ट

डॉ. वसुधा बेनाडीकर यांच्या निधनानं बालवैद्यकाच्या क्षेत्रात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. शोकसभेत हे वाक्य पहिल्या वक्त्यानं म्हटलं, दुसऱ्यानं जरा फिरवून म्हटलं आणि तिसऱ्यानं त्यात 'अपरिमित' हा शब्द घातला. माझं सगळं आयुष्य एका सरकारी कारखान्याच्या राजभाषा विभागात गेलं. असली वाक्यं तयार करणं हेच माझं काम होतं, त्यामुळं त्यांची बांधणी मला लांबूनही ओळखू येते. वस्तुस्थिती अशी की हॉस्पिटलनं तिच्या खोलीत दुसऱ्या डॉक्टर बसवल्या होत्या, दारावरची पाटी बदलली होती आणि शोकसभेचं निमंत्रण माझ्या मोबाईलवर येण्याआधीच ती पोकळी भरून झाली होती. यात हॉस्पिटलची काही चूक नाही. मुलं आजारी पडायची थांबत नाहीत.

वसूअक्का माझी मावसबहीण. आम्ही दोघंही मूळचे निपाणीचे, दोघंही बेंगळुरात आलो ते नोकरीसाठी, आणि दोघंही लग्न न करता जयनगरमध्ये म्हातारे झालो, ती तिच्या घरात आणि मी माझ्या. मधे चालत जाण्याएवढं अंतर. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. मंगळवारी सकाळी तिच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या गौरम्माचा फोन आला. "सर, बेग बन्नी," एवढंच ती म्हणाली. लवकर या. गौरम्मा एरवी फोनवर भाजीच्या भावापासून सुरुवात करणारी बाई. त्या दिवशी तिनं दोनच शब्द वापरले, तेव्हाच मला कळलं. अक्का अंथरुणात कुशीवर झोपली होती, चष्मा उशाशी घडी करून ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं. लोक मला सांगत राहिले, किती छान मरण आलं. मी हो म्हणत राहिलो. मरण आलेल्या माणसाला ते कसं वाटलं, हे विचारायची सोय नसते, त्यामुळं या बाबतीत बाकी सगळ्यांचंच मत चालतं.

आदल्या रविवारी मी तिच्याकडं गेलो होतो. ती आमची शेवटची भेट, पण तसं काही तेव्हा वाटलं नव्हतं. ती व्हरांड्यात बसून मोसंबी सोलत होती. "काय करालायस रे? जेवलास काय?" हे तिचं नेहमीचं स्वागत, भर चार वाजता सुद्धा. मग म्हणाली, "त्या रेवाचं मीठ बंद केलं बघ पूर्ण. महिना होत आला. या गुरुवारी रक्त घ्यायचंय."

"मग?"

"मग काय? सोडियम जागेवर राहिलं तर पोर सुटली."

"आणि नाही राहिलं तर?"

"तर परत मीठ. आणि परत वाट बघायची. असं रे काय विचारतोस, तूच परीक्षेला बसल्यासारखा!"

पण परीक्षेला तीच बसली होती. मोसंब्याची फोड तिनं हातात धरून ठेवली होती, खाल्ली नव्हती. तीन वर्षं तिनं त्या पोरीच्या रक्तातल्या मिठाचा पिच्छा पुरवला होता. आणि गुरुवार उजाडायच्या आत ती गेली.

रेवा कोण, हे सांगायला हवं. तिच्या आईची परवानगी घेऊन सांगतोय, नावं बदलून. तिची आई ऋचा मूळची पुण्याची, वडील नागपूरचे, दोघंही संगणकाच्या नोकरीत, सर्जापूर रोडवरच्या एका उंच संकुलात राहणारे. रेवा तीन आठवड्यांची असताना त्यांनी तिला हॉस्पिटलमध्ये आणलं, तेव्हा ती जन्मली त्याहून हलकी झाली होती. दूध प्यायची आणि ओकायची. रडायचीही ताकद नव्हती. अक्का तेव्हा निवृत्त झालेली, पण आठवड्यातून काही दिवस जायची. मुलांच्या किडन्या हा तिचा विषय. रक्तात सोडियम फार कमी आणि पोटॅशियम फार जास्त निघालं, आणि तिला वेगळाच संशय आला. तिनं हार्मोनची तपासणी करायला लावली.

त्या दिवशी मी तिला आणायला गेलो होतो, कारण तिला गाडी चालवता येत नव्हती आणि मला दुसरं काम नव्हतं. परतताना ती सिल्क बोर्डाच्या चौकात गर्दीत अडकलेल्या गाडीत मला समजावून सांगत होती. मला वाचकांसाठी एवढंच लिहिता येईल, जेवढं त्या सिग्नलवर मला कळलं. आपल्या शरीरात अल्डोस्टेरॉन नावाचं एक हार्मोन असतं. त्याचं काम किडनीला सांगणं, की लघवीवाटे मीठ घालवू नकोस, आत ठेव. "आता मजा बघ," अक्का म्हणाली, "जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या रक्तात हे हार्मोन मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतं. कारण किडनी नवीन असते, तिला नीट ऐकू येत नाही. म्हणून हे ओरडून सांगतं. पोर वाढतं, किडनीला ऐकू यायला लागतं, मग हार्मोनपण आवाज खाली आणतं. तुझं-माझं असंच झालं."

"आणि या पोरीचं?"

"हिची किडनी ठार बहिरी. हार्मोन बोंबलतंय नुसतं, आणि सगळं मीठ लघवीतनं चाललंय."

"उपाय?"

"मीठ."

"म्हणजे औषध कुठलं?"

"मीठ रे! साधं मीठ. मोजून, पाण्यात, प्रत्येक दुधाबरोबर. हार्मोन कशाला द्यायचं, ते तर उतू चाललंय. जेवढं वाहून जातंय तेवढं वरनं घालत राहायचं, किडनी मोठी होईपर्यंत. मोठी झाली की तिच्या बाकीच्या भागांना काम जमतं. बहुतेकांचं दोन-तीन वर्षांत सुटतं."

"बहुतेकांचं?"

"स्वल्प गप्प बस की आता. सिग्नल सुटला."

मिठानं रेवा सुधारली. वजन धरलं, गाल आले, हसायला लागली. आणि इथं एक चूक झाली, जी फक्त वाचणाऱ्या, काळजी करणाऱ्या, शिकलेल्या आईबापांच्या हातूनच होऊ शकते. त्यांच्या संकुलातल्या नव्या आयांचा एक ग्रुप होता मोबाईलवर. त्यात बाळाचं पहिलं वर्ष या विषयावर जे काही लिहिलं जाई त्यात एक नियम रोज यायचा : वर्षापर्यंत मीठ नाही, साखर नाही. किडनी नाजूक असते, मिठाचा भार पडतो. कुणी त्याचे रंगीत तक्ते टाकायचं, कुणी बालरोगतज्ज्ञांचे व्हिडिओ. ऋचाची रजा संपून ती कामावर रुजू झाली होती, डोळ्यांवर झोप असायची, आणि समोर बाळ तर गुटगुटीत दिसत होतं. एकीनं तिला स्पष्टच विचारलं म्हणे, की तू तुझ्या बाळाला रोज मीठ देतेस? ... तिनं मीठ थोडं कमी केलं. मग आणखी थोडं. कुणाला सांगितलं नाही. मग एका दुपारी रेवा ओकायला लागली ती थांबेना.

तेव्हा अक्काला मीच घेऊन गेलो. कॉरिडॉरमध्ये ऋचा भिंतीला टेकून उभी होती. नोकरीच्या ठिकाणी पन्नास माणसं हाताखाली असलेली मुलगी, पण ओढणीचं टोक तोंडात धरून उभी होती, चौथीतल्या मुलीसारखी. अक्का बोलण्यात फटकळ. हाताखालचे डॉक्टर तिला घाबरायचे. मला वाटलं, आता या पोरीचं काही खरं नाही. पण अक्का तिच्या शेजारी भिंतीला टेकली आणि म्हणाली, "तू बरोबर वाचलंस. नियम बरोबरच आहे. मीसुद्धा सगळ्यांना तेच सांगते. फक्त तुझी पोर त्या नियमात बसत नाही, एवढंच."

"मॅम, ॲक्च्युअली मला वाटलं की इम्प्रूव्ह झालीये तर..."

"मिठामुळं झालेली, बाई."

रेवा त्यातून वाचली. पण आता प्रश्न असा होता की दिवसभर मीठ देणार कोण. आई-वडील कामावर, सांभाळायला येणारी बाई दर दोन महिन्यांनी बदलणार. नागपूरहून रेवाची आजी विमलताई धावत आल्या होत्या, त्या राहायला तयार होत्या. पण त्यांचा या मीठप्रकरणावर विश्वास नव्हता. त्यांच्या मते पोरीला दृष्ट लागली होती. "एवढी गोरीगोमटी पोरगी, त्या लिफ्टमध्ये शंभर लोक पाहतात नं डॉक्टर," त्या म्हणाल्या. त्या रोज दिवेलागणीला मीठ-मोहरी ओवाळत. ती विस्तवात टाकायची पद्धत, पण सतराव्या मजल्यावर विस्तव कुठला? पहिल्या दिवशी त्यांनी ती गॅसच्या ज्वाळेवर टाकली तेव्हा धुराचा भोंगा वाजला आणि खालून सुरक्षारक्षक पळत वर आला. तेव्हापासून त्या ती सिंकमध्ये टाकून नळ सोडायच्या. ऋचाला हे सगळं लाजिरवाणं वाटे. आम्ही रेवाला बघायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तिनं ते अक्कासमोर तक्रारीच्या सुरात सांगितलं, म्हणजे मोठ्या डॉक्टरीणबाई सासूबाईंना चार शब्द सुनावतील.

अक्कानं विमलताईंना विचारलं, "रोज काढता?"

"रोज. एक दिवस चुकवत नाही."

"पाहुणे आले, बाहेर जायचं असलं, तरीपण?"

"तरी बी. आधी दृष्ट, मग बाकीचं."

अक्कानं मिठाच्या पाण्याची बाटली उचलून त्यांच्या हातात दिली. मग म्हणाली, "एकदा काढून भागायचं नाही. हिची दृष्ट जबर आहे. चार वेळा काढायची दिवसातनं."

"चार वेळा?" विमलताई चाट पडल्या. "असं कोण काढते?"

"आमच्या निपाणीकडं काढतात. आणि ओवाळायच्या आधी हे बाटलीतलं मीठ पोरीच्या पोटात गेलं पाहिजे, मोजून. पोटात मीठ नसलं तर वरची दृष्ट काढून काय उपयोग? बाहेरची बाहेर जाते, आतली आतच राहते."

विमलताईंनी हे अतिशय गंभीरपणे ऐकून घेतलं. मी निपाणीचा. आमच्याकडं दिवसातून चार वेळा काय, आठवड्यातून एकदासुद्धा कुणी दृष्ट काढत नसे. अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर दोघंही हसलो असतो. ऋचाला मात्र धक्का बसला होता. दारापर्यंत आमच्यामागं येऊन ती हळूच म्हणाली, "मॅम, तुम्ही पण?"

"तुझ्या मोबाईलचा अलार्म तू बंद करतेस की नाही?"

"मीटिंग असली की... हो."

"सासूबाईंना कोण बंद करणार?"

त्यानंतर रेवाचं मीठ एकदाही चुकलं नाही. शोकसभेत तिसऱ्या वक्त्यानं, अपरिमितवाल्यानंच, सांगितलं की डॉ. बेनाडीकर कट्टर विज्ञाननिष्ठ होत्या आणि त्यांनी अंधश्रद्धेला कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मागच्या रांगेत विमलताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. आणि मग पदर डोळ्यांना लावला. मला दोन्हीपैकी काहीच नीट जमलं नाही.

अक्काचा पेशा एकटेपणाचा होता, हे मला उशिरा उमगलं. मोठ्या माणसांचे डॉक्टर पेशंटबरोबर म्हातारे होतात. दिवाळीला मिठाई येते, पेशंट गेला तर त्याची मुलं येतात. अक्काचे पेशंट वाढायचे, आणि त्यांचं वाढणं हेच त्यांचं बरं होणं असायचं. बरं झालेलं मूल डॉक्टरकडं कशाला येईल? तिच्याकडं बरीच मुलं यायची ती अंथरूण ओलं करणारी. नऊ-दहा वर्षांची, मान खाली घालून आलेली, कधी मार खाऊन आलेली. अक्का त्यांच्या आईबापांना सांगायची की पाणी राखणारं एक हार्मोन असतं. बाळपणी ते दिवसरात्र सारखंच असतं, मूल वाढतं तसं ते रात्री जास्त सुटायला लागतं, म्हणून मोठ्या माणसांना रात्रीची लघवी कमी होते. काही मुलांचं हे वेळापत्रक उशिरा बसतं. "त्याला मारून हार्मोन येत नाही," हे वाक्य ती मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत आणि इंग्रजीत सारख्याच चिडक्या आवाजात म्हणू शकायची.

एकदा आम्ही जयनगर फोर्थ ब्लॉकच्या बाजारात चाललो होतो. समोरून एक उंच, देखणा तरुण येत होता, बरोबर एक मुलगी, दोघांच्या हातात कपड्यांच्या पिशव्या. अक्कानं माझा दंड धरला आणि मला जवळजवळ ओढतच रस्त्याच्या पलीकडं नेलं. एक रिक्षावाला कन्नडमध्ये आमच्या वयाविषयी काहीतरी बोलला.

"काय झालं?"

"काही नाही. माझा पेशंट होता."

"मग भेटायचं की!"

"खुळा आहेस काय? त्याच्या शेजारी ती पोरगी आहे. ती विचारणार, या कोण? तो काय सांगणार, कशासाठी जात होतो ते?" मग ती मागं वळून बघत म्हणाली, "उंच झालाय रे खूप... आईएवढा होईल वाटलेलं."

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. ती बाजारात अशी कितीतरी वेळा रस्ता ओलांडायची. तिला सगळे चेहरे आठवायचे आणि कुणालाच भेटता यायचं नाही. एवढ्या मोठ्या शहरात तिला ओळखणारी शेकडो माणसं होती आणि तिनं त्यांच्याशी ओळख न दाखवणं हाच तिच्या उपचाराचा शेवटचा भाग होता. शोकसभेला यातलं कुणीही आलं नव्हतं. येणार कसं? ते सगळे बरे झाले होते. आले होते ते इथल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी, ज्यांच्या किडन्यांशी तिचा काही संबंध नव्हता.

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलेली दुसरी गोष्ट अगदी क्षुल्लक आहे. माझी भाषा वापरात राहिली नाही. भाजीवाल्याशी मी कन्नड बोलतो, बँकेत इंग्रजी, इमारतीच्या रखवालदाराशी हिंदी. मंडळात पुण्या-मुंबईची मराठी बोलावी लागते. मी 'जातो की' म्हटलं तर तिथली तरुण मुलं प्रेमानं हसतात. निपाणीची मराठी बोलायला या शहरात मला एकच माणूस होतं. परवा दूध उतू गेलं तेव्हा मी ओट्यापाशी उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "गेलं की रे सगळं!" आणि मग कुणी काही म्हणेना, म्हणून फडकं घेतलं. मला त्यात आणि बहिऱ्या किडनीत काहीतरी साम्य दिसायला लागलं होतं. अक्का असती तर म्हणाली असती, साम्य राहू दे, ओटा पूस.

गुरुवारची रक्ततपासणी झालीच नाही. त्या दिवशी आम्ही सगळे दुसऱ्याच कामात होतो. पुढच्या आठवड्यात ऋचाचा फोन आला. सुरुवातीला ती कशी आहे, मी कसा आहे, हे झालं. मग तिचा आवाज बदलला. "काका, रेवाला सकाळपासून लूज मोशन्स होतायत. मला कळत नाहीये मीठ परत सुरू करू का. मॅमना विचारायला फोन हातात घेतला आणि..."  मग म्हणाली, "तुम्हाला काही बोलल्या होत्या का त्या?"

मी राजभाषेचा माणूस. मला मिठातलं जे कळतं ते आमटीपुरतं. पण ऋचाला पृथ्वीवर विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, असं तिला त्या क्षणी वाटत होतं आणि मलाही वाटत होतं. एरवी अशा वेळी मी म्हणालो असतो, थांब, अक्काला विचारतो. ते वाक्य तोंडात येऊनसुद्धा गेलं. पाठीमागून विमलताईंचा आवाज येत होता, "देऊन टाक नं चिमूटभर, देऊन टाक!" मला एवढंच आठवत होतं की अक्का दर खेपेला त्यांना बजावायची, की उलट्या-जुलाब झाले तर घरी बसून प्रयोग करायचे नाहीत आणि फोनवर वेळ घालवायचा नाही. मी तेच सांगितलं. म्हणालो, "पोरीला घेऊन हॉस्पिटलला ये. मी निघालो."

"पण तिथे आता नवीन डॉक्टर आहेत."

"हो," मी म्हणालो. 

नव्या डॉक्टरचं नाव चैत्रा. मी तिच्याविषयी मत आधीच बनवून ठेवलं होतं आणि ते फारसं चांगलं नव्हतं. तिनं टेबल खिडकीकडून भिंतीकडं सरकवलं होतं, हे मला आवडलं नाही. पडदे बदलले होते, तेही आवडलं नाही. रेवा आईच्या खांद्यावर मान टाकून होती, डोळे जड. आत गेल्यावर चैत्रा आपल्या फिरत्या खुर्चीत बसली नाही. टेबलाखालून तिनं एक बुटकं लाकडी स्टूल पायानं पुढं ओढलं आणि त्यावर बसली, म्हणजे तिचे डोळे रेवाच्या डोळ्यांसमोर आले. ते स्टूल अक्काचं. मंगळूरच्या कुठल्याशा सुतारानं करून दिलेलं, एक पाय किंचित आखूड. चैत्रानं बसताना नकळत भार डाव्या बाजूला दिला, जसा अक्का द्यायची, नाहीतर ते डुगडुगतं.

"मॅमनी शिकवलं," माझी नजर बघून ती इंग्रजीत म्हणाली. "त्या निवृत्त होण्याआधी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होते. खुर्चीत बसलं की ओरडायच्या." मग रेवाला म्हणाली, "एन् पुट्टा, होट्टे नोवा?" काय गं बाळा, पोट दुखतंय का? रेवानं मान हलवली. तिला कन्नड तिच्या आईपेक्षा जास्त कळतं.

रक्त घेतलं. अहवाल येईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. विमलताई काहीतरी पुटपुटत होत्या. ऋचा मोबाईल हातात धरून बसली होती पण त्याकडं बघत नव्हती. मला वाटत होतं, सोडियम खाली आलेलं असलं तर या पोरीचं पुढचं सगळं परत पहिल्यापासून सुरू होणार, आणि या वेळी कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून 'तू बरोबर वाचलंस' म्हणायला कुणी नसणार. रविवारी अक्कानं ती मोसंब्याची फोड का खाल्ली नव्हती, ते मला तिथं कळलं.

चैत्रानं आम्हाला आत बोलावलं. अहवाल तिनं दोनदा वाचला होता हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "सोडियम नॉर्मल," ती म्हणाली. "पोटॅशियम नॉर्मल. मीठ बंद, वर जुलाब, तरी तिच्या किडनीनं मीठ सोडलेलं नाही. साधं पोट बिघडलंय, पाणी पाजत राहा, दोन दिवसांत ठीक होईल." ऋचानं विचारलं, की मग ते हार्मोन खाली आलं का? चैत्रा हसली. "ते बहुतेक कायमच जास्त राहील. या मुलांमध्ये राहतं. फक्त आता त्यामुळं काही बिघडत नाही."

"मग परत कधी यायचं?"

"यायचं नाही," चैत्रा म्हणाली. "म्हणजे, काही वाटलं तर या. पण मिठासाठी यायची गरज नाही."

कुणीच उठेना. तीन वर्षं ज्या वाक्याची सगळ्यांनी वाट बघितली, ते ऐकून आम्ही चौघं खुर्च्यांत तसेच बसून राहिलो, बस चुकल्यासारखे. मी कुणाला तरी फोन करून हे सांगायला हवं होतं, आणि ज्या नंबरावर सांगायचं तो मला पाठ होता. खोलीतल्या बुटक्या स्टुलाकडं मी बघितलं नाही. शेवटी विमलताईच उठल्या, चैत्राजवळ गेल्या आणि दोन्ही हातांनी तिच्या कानशिलांवरून ओवाळून बोटं कडकडा मोडली. चैत्रा गोंधळली, पण तिनं मान खाली घातली. "सरी, अज्जी," ती म्हणाली. बरं, आजी.

बाहेर पडताना कँटीनपाशी रेवाला पहिल्यांदाच तरतरी आली. तिनं काउंटरवरच्या वेफर्सच्या पाकिटाकडं बोट दाखवून हट्ट धरला. ऋचानं पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, मागचा बारीक मजकूर डोळे बारीक करून वाचला आणि ते परत जागेवर ठेवलं.

"नको गं राजा," ती म्हणाली, "यात मीठ फार असतं."